जुना राइड-ऑन मोअर पुन्हा मैदानात आणताना

तीन पावसाळे तो मोअर, म्हणजे वर बसून चालवायचं गवत कापायचं मशीन, निंबाच्या झाडाखाली उभा होता. सीट फाटलेली, बॉनेटवर चिमण्यांची घाण, मागचं एक चाक रिमवर बसलेलं. विकणाऱ्या संस्थेचा माणूस दोन-दोनदा सांगत होता, "इंजिन भारी आहे, फक्त बॅटरी टाका." मी तिथल्या जुन्या वॉचमनला विचारलं, "बाबा, हा शेवटी बंद कसा पडला?" ते म्हणाले, "पातं फिरेना, मंग उभाच ऱ्हायना." त्या एका वाक्यावर मी तो घेतला. इंजिन चालू असताना पातं थांबलं, म्हणजे दोष खाली डेकमध्ये, पातं झाकणाऱ्या पत्र्याच्या खोक्यात, होता. इंजिन नुसतं पडून खराब झालेलं असणार, आणि पडून खराब झालेलं इंजिन बहुतेक वेळा थोडक्यात सुधारतं.

आपल्या खान्देशात असे मोअर फार नाहीत. शाळा-कॉलेजांची मैदानं, सूतगिरण्या, एखादं रिसॉर्ट, मोठी फार्महाऊसं, एवढ्याच जागा. पण जिथे असतात तिथून ते भंगारात लवकर निघतात, कारण दुरुस्त करणारा सापडत नाही. खरं तर धुळ्यासारख्या गावात, जिथे मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग मिळतात, तिथे ट्रकमुळे लेथ, वेल्डिंग आणि बेअरिंगची दुकानं हाकेच्या अंतरावर आहेत. मोअरला लागणारं बहुतेक काम याच लोकांच्या हातचं आहे. फक्त काय करून घ्यायचं हे आपल्याला माहीत हवं.

घेण्याआधी

गिऱ्हाईक इंजिनाचा आवाज ऐकतो आणि पैसे देतो. तुम्ही आधी खाली वाका. साप-विंचू नाही ना हे काठीने ढवळून बघा. दोन-तीन वर्षं उभ्या मशीनखाली हात घालताना ही काळजी घ्याच. चावी काढून घ्या, प्लगची वायर बाजूला करा, मग जाड हातमोजा घालून पात्याचं टोक धरा आणि वर-खाली हलवा. टोक जरा लवचिक वाटणं वेगळं आणि मुळाशी खट्‌खट्‌ वाजणं वेगळं. खट्‌खट्‌ वाजलं तर पातं ज्या दांड्यावर फिरतं त्या स्पिंडलची बेअरिंगं गेली. ती बदलता येतात. पण स्पिंडलचं ॲल्युमिनियमचं घर जिथे डेकला बोल्टने बसतं, तिथला पत्रा फाटला असेल तर भावात ते धरा. मोठ्या स्क्रूड्रायव्हरने डेकचा पत्रा आतून जागोजागी दाबून बघा. टोक आरपार जात असेल तर तेवढा भाग कापून नवा लावायचा आहे.

डिपस्टिक काढून वास घ्या. ऑइल खुणेच्या वर आलंय आणि पेट्रोलचा वास येतोय, म्हणजे कार्बोरेटरमध्ये पेट्रोल अडवणारी फ्लोट-सुई गळते आणि पेट्रोल सिलिंडरमधून खाली ऑइलमध्ये उतरलंय. अशा इंजिनाला तिथेच सेल्फ मारू देऊ नका. सिलिंडरमध्ये पेट्रोल भरलेलं असेल तर पिस्टन ते दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो.

मोअर चालू स्थितीत असेल आणि त्याला गिअरऐवजी हायड्रोस्टॅटिक ड्राइव्ह असेल, म्हणजे पॅडल दाबलं की क्लच न दाबता पळतो असा, तर वीस मिनिटं फिरवून मग चढावर न्या. थंड असताना सगळेच चढतात. गरम झाल्यावर जो चढावर दमतो, त्याचा पंप झिजलेला आहे. तो खर्च मोअरच्या किमतीइतका होऊ शकतो, म्हणून तिथेच नमस्कार करून परत या.

आणि एक पाहा: काय तुटलंय यापेक्षा काय गायब आहे. तुटलेला भाग लेथवाल्याला दाखवून तसाच करून घेता येतो. गायब झालेल्या पट्ट्याच्या गाइडचं किंवा लिंकचं माप कुणाकडून आणणार?

उघडण्याची तयारी

इंजिनावरचे नंबर आधी साफ करून लिहून घ्या. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन या अमेरिकन कंपनीच्या इंजिनावर पत्र्याच्या कव्हरवर तीन गट ठोकलेले असतात: मॉडेल, टाइप आणि कोड. कोडचे पहिले दोन आकडे वर्षाचे, पुढचे महिन्याचे, मग दिवसाचे. 090415 ने सुरू होणारा कोड म्हणजे 2009 सालच्या 15 एप्रिलचं इंजिन. पॅकिंग, किट, ठिणगी देणारी कॉइल मागवताना हे तिन्ही गट लागतात. नुसतं "साडेसतरा एचपी" सांगून मागवलेलं पॅकिंग बसत नाही.

अमेरिकन मोअरचे बरेच बोल्ट इंचातले असतात. आपले जुने मिस्त्री अजून सुतात बोलतात, तेच इथे कामाला येतं. आठ सूत म्हणजे एक इंच. 12 आणि 13 चा पाना जबरदस्तीने घालून बोल्टची डोकी गोल करू नका, इंची गोटी पान्यांचा सेट आणा. गंजलेल्या बोल्टवर गंज सोडवणारं तेल आदल्या रात्री टाका, सकाळी हातोडीने डोक्यावर हलके ठोके द्या, मग पाना लावा.

मशीन जॅकवर उभं ठेवून खाली जाऊ नका. लाकडी ठोकळे द्या आणि मागच्या चाकांना दगड लावा. प्रत्येक भाग काढण्याआधी फोटो काढा, खास करून पट्टा कुठल्या पुलीच्या कुठल्या बाजूने जातो त्याचा. हा फोटो काढायचा राहिला तर पुढे अर्धा दिवस जातो. माझा गेला आहे.

इंजिन

पहिलं काम चालू करणं नाही. पहिलं काम म्हणजे वरचं पंख्याचं कव्हर काढणं. हे इंजिन हवेवर थंड होतं. फ्लायव्हीलचे, म्हणजे इंजिनावरच्या जड चाकाचे, पंखे हवा ओढतात आणि सिलिंडरच्या पत्तीदार फिन्समधून ढकलतात. त्या फिन्स बुजल्या की इंजिन आतल्या आत भाजतं. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा 44-45 वर जातो, त्यात काळ्या मातीची धूळ आणि वाळकं गवत. मी कव्हर उघडलं तेव्हा उंदरांनी आत चक्क कापसाचं घर केलं होतं. आजूबाजूच्या शेतांतून बोंडातला कापूस आणून फिन्समध्ये ठासून भरलेला. तसाच चालू केला असता तर अर्ध्या तासात हेडचं पॅकिंग गेलं असतं. फिन्स लाकडी काडीने आणि ब्रशने साफ करा, कॉम्प्रेसरची हवा मारा. पाण्याचा जोराचा फवारा इंजिनावर मारू नका.

आता प्लग काढा. सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडा, दिवसभर राहू द्या आणि फ्लायव्हील हाताने फिरवा. सहज फिरलं तर पुढे चला. जाम असेल तर आणखी तेल आणि आणखी दोन दिवस. पाना लावून जोर करू नका.

ठिणगी बघताना प्लग भोकापासून लांब, उघड्या धातूला टेकवून धरा, कारण भोकातून पेट्रोलची वाफ येते. ठिणगी नसेल तर लगेच कॉइल बदलू नका. कॉइलला एक बारीक वायर येते, ती चावी आणि सुरक्षेच्या स्विचांकडून इंजिन बंद करण्यासाठी असते. ती वायर कॉइलपासून सोडा आणि पुन्हा तपासा. ठिणगी आली, म्हणजे कॉइल चांगली आहे आणि दोष वायरिंगमध्ये आहे. ही वायर सुटलेली असताना चावीने इंजिन बंद होत नाही, म्हणून तपासणी झाली की परत जोडा. कॉइल आणि फ्लायव्हीलमधलं अंतर बऱ्याच ब्रिग्ज इंजिनांत 0.25 ते 0.36 मिलिमीटर असतं. जाडसर व्हिजिटिंग कार्ड मध्ये घालून चुंबकाला कॉइल ओढू द्यायची आणि स्क्रू आवळायचे. प्लगचं अंतर 0.76 मिलिमीटर.

पेट्रोलची बाजू. टाकीतलं जुनं पेट्रोल सगळं काढा, टाकी धुवा, रबरी पाइप आणि फिल्टर नवे टाका. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. आता पंपावर मिळणारं पेट्रोल ई20 आहे, म्हणजे त्यात 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. या छोट्या इंजिनांचे उत्पादक साधारणपणे 10 टक्क्यांपर्यंत परवानगी देतात. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, फार ओल शिरली की पाणी-इथेनॉल वेगळं होऊन तळाला बसतं, आणि जुनं रबर फुगतं. यावर उपाय शिस्तीचा आहे: इथेनॉल सोसणारा पाइप घ्या, त्या आठवड्यात संपेल एवढंच पेट्रोल भरा, आणि मोअर पंधरा दिवसांहून जास्त उभा राहणार असेल तर टाकी रिकामी करून कार्बोरेटर कोरडा होईपर्यंत इंजिन चालू ठेवा.

कार्बोरेटर खोलल्यावर वाटीच्या तळाला पिवळट डिंक किंवा पांढरी भुकटी सापडेल. जेट आणि त्याच्या नळीची बारीक भोकं उजेडाकडे धरून बघा. स्टीलची तार घालू नका, भोक मोठं होतं. वायरमधली तांब्याची एक काडी पुरते. क्लीनर फवारा, हवा मारा, परत बघा. मग फ्लोट हाताने वर धरून इनलेटमध्ये तोंडाने फुंका. हवा गेली तर सुई बदला. वाटीच्या खाली सोलेनॉइड, म्हणजे विजेवर पेट्रोल सोडणारा झडप-खटका, असेल तर त्याला 12 व्होल्ट लावून टिक आवाज येतो का पाहा. तो मेला असेल तर इंजिनला पेट्रोलच मिळत नाही, आणि लोक कार्बोरेटर चार-चारदा धुतात.

ऑइल बदला. सिंगल सिलिंडरला साधारण 1.4 लिटर बसतं, पण डिपस्टिकवर विश्वास ठेवा. आपल्या उन्हाळ्यात साधं एसएई 30 चांगलं. 10डब्ल्यू-30 गरम हवेत जास्त जळतं.

वॉल्व्हबद्दल जरा थांबून सांगतो, कारण इथे सर्वांत जास्त पैसा वाया जातो. सेल्फ मारला की इंजिन अर्धा फेरा घेतं आणि कचकन अडतं. लोक बॅटरी बदलतात, मग सेल्फ बदलतात, तरी तेच. कारण असं असतं: या इंजिनांच्या कॅमवर एक छोटा उंचवटा सेल्फ फिरताना वॉल्व्ह किंचित उघडतो आणि दाब कमी करतो. वॉल्व्हचं अंतर सैल झालं की तो किंचित उघडत नाही आणि सेल्फला पूर्ण दाबाशी झुंजावं लागतं. इंजिन थंड असताना प्लगच्या भोकात पेन्सिल घालून पिस्टन दाबाच्या फेऱ्यात सर्वांत वर आणा, मग तिथून साधारण 6 मिलिमीटर खाली जाऊ द्या. या जागी तो उंचवटा मधे येत नाही. मग फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) इनटेक 0.08 ते 0.13 आणि एक्झॉस्ट 0.13 ते 0.18 मिलिमीटर ठेवा. हे आकडे ब्रिग्जच्या वरच्या वॉल्व्हच्या सिंगल सिलिंडरचे आहेत. दुसऱ्या इंजिनाचे त्याच्या मॅन्युअलमधून घ्या. विसेक मिनिटांचं काम. माझ्या मोअरला नवी बॅटरी लागलीच नाही असं नाही, पण सेल्फ वाचला.

निळा धूर दिसला की लगेच रिंग-बोअर करू नका. याच घडणीच्या इंजिनांत हेडचं पॅकिंग पुशरॉडच्या बाजूला फुटतं, दाब खाली क्रँककेसमध्ये शिरतो आणि ऑइल ब्रीदरमधून, म्हणजे क्रँककेसची हवा सोडणाऱ्या नळीतून, कार्बोरेटरकडे ढकललं जातं. आधी हेड काढून पॅकिंग बघा.

वायरिंग आणि सुरक्षेचे स्विच

12 व्होल्टची छोटी बॅटरी लागते. मूळ मापाची मिळाली नाही तर छोट्या कारची चालते, पण तबकाची लांबी-रुंदी, उंची आणि प्लस-मायनसची बाजू मोजून न्या. उंच बॅटरीचं टोक बॉनेटला किंवा सीटच्या पत्र्याला टेकलं तर आग लागते. उभी असताना 12.6 व्होल्ट, सेल्फ मारताना 9.6 च्या खाली नाही, इंजिन पळताना 13.5 ते 14.5 असे आकडे मिळायला हवेत. मायनसची वायर चेसिसला जिथे बसते तिथला रंग कानशीने घासून काढा. अर्धे दोष तिथेच मिटतात.

आता मनापासून सांगतो ते वाचा. सीटखाली एक स्विच असतो, ब्रेकला एक, पातं जोडण्याच्या लिव्हरला एक. माणूस सीटवरून उठला की पातं थांबावं म्हणून ते असतात. जुन्या मोअरवर हे स्विच कुणीतरी वायरचा तुकडा टाकून हमखास बाद केलेले सापडतात, कारण स्विच गेला होता आणि काम अडलं होतं. 53 सेंटिमीटरचं पातं मिनिटाला 3000 फेरे घेतं तेव्हा त्याचं टोक ताशी जवळपास 300 किलोमीटर वेगाने धावत असतं. शाळेच्या मैदानावर पोरं चेंडूमागे धावत येतात. ते सगळे वायरचे तुकडे शोधून काढा, स्विच नवे बसवा, आणि मग तपासा: पातं फिरत असताना सीटवरून जरा अंग उचलून बघायचं, इंजिन बंद पडून पातं पाच सेकंदांच्या आत थांबलं पाहिजे.

डेक: खरं काम इथे आहे

डेक खाली काढून उलटा ठेवा. आत दोन-चार बोटं जाड थर असेल, गवत आणि काळी माती मिळून विटेसारखा झालेला. माझ्या मोअरचं पातं यानेच थांबलं होतं. ओल्या गवतातून पाणी बेअरिंगच्या सीलमधून आत गेलं, बेअरिंग जाम झालं, पट्टा तिथेच घासून जळाला. खरवडणीने काढा, मग वायर ब्रशचा कप ग्राइंडरला लावून पत्रा उघडा करा. चष्मा आणि मास्क घाला.

स्पिंडल काढताना शाफ्टच्या टोकावर सरळ हातोडी मारू नका. नट टोकाच्या बरोबरीला आणून वर लाकूड ठेवून मारा, म्हणजे आटे वाचतात. बेअरिंगच्या कडेला नंबर असतो, बऱ्याचदा 6203 किंवा 6204. पहिलं 17 आतलं, 40 बाहेरचं, 12 जाडीचं. दुसरं 20, 47, 14 मिलिमीटर. दुकानात दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेलंच मागा. नुसत्या पत्र्याच्या शिल्डचं आमच्या धुळीत एक हंगाम टिकत नाही. घरात बसवताना बाहेरच्या कड्यावर दाब द्या, शाफ्टवर चढवताना आतल्या कड्यावर. उलटं केलं तर गोळ्यांवर खळगे पडतात आणि नवं बेअरिंग पहिल्या दिवशीच घुमायला लागतं. दोन बेअरिंगांच्या मधली नळी विसरू नका. ती नसली तर नट आवळल्यावर बेअरिंगं एकमेकांकडे दाबली जातात. घर सैल झालं असेल तर चिकटवणाऱ्या औषधावर भागवू नका, लेथवाल्याकडून बुश घालून घ्या. आमचे मिस्त्री घर हातात धरून फक्त म्हणाले, "भाऊ, बठ्ठं खाई टाकेल शे," म्हणजे सगळं खाऊन टाकलंय. तरी संध्याकाळपर्यंत त्यांनी असा बुश बसवला की आजही हलत नाही.

फाटलेल्या पत्र्याला 3 मिलिमीटरचा एमएस (साध्या पोलादाचा) तुकडा लावा, नुसती वेल्डिंगची रेघ ओढून भरू नका. डेक मशीनवर असताना वेल्डिंग करायची वेळ आली तर बॅटरीच्या दोन्ही वायर काढा. मग रेड ऑक्साइड आणि वरून एनॅमल. आतल्या बाजूला दोन हात जास्त.

पातं. पंख वर, डेकच्या छताकडे. मी दोन मोअर पाहिलेत ज्यांना पातं उलटं लावून वर्षभर गवत चेचलं होतं. धार मूळच्या कोनात, साधारण 30 अंश, आणि घासताना निळं पडू देऊ नका, पाण्यात बुडवत राहा. भिंतीतल्या खिळ्यावर मधल्या भोकातून अडकवा. जे टोक खाली जातं तिथला लोखंडाचा भाग मागच्या बाजूने घासा, दोन्ही टोकं आडवी राहीपर्यंत. पंखाच्या मुळाशी धुळीने घासून पत्रा पातळ झाला असेल किंवा चीर असेल तर पातं भंगारात टाका. पात्याला वेल्डिंग कधीही करायचं नाही. तुटलेला तुकडा गोळीसारखा सुटतो.

पट्ट्याच्या बाबतीत मीही चुकलो. पिठाच्या गिरणीचा बी सेक्शनचा, 17 मिलिमीटर रुंदीचा पट्टा मापाने बसला म्हणून टाकला. दोन तासांत धूर. मोअरमध्ये पट्टाच क्लचचं काम करतो, घसरतो, पकडतो, पाठीवरून ताण देणारी आयडलर पुली दाबते. त्यासाठी आत केवलारचे दोर असलेला पट्टा लागतो, साध्यापेक्षा महाग पण दुसरा मार्ग नाही. जुना पट्टा हरवला असेल तर आयडलर मधोमध ठेवून सुतळी सगळ्या पुल्यांवरून फिरवा आणि ती लांबी सांगा. आयडलरची बेअरिंगं याच वेळी बदला.

डेक परत लावला की सपाट फरशीवर, टायरमध्ये बरोबर हवा भरून, पात्याच्या टोकांची उंची मोजा. डावी-उजवी 3 मिलिमीटरच्या आत सारखी, पुढचं टोक मागच्यापेक्षा 3 ते 6 मिलिमीटर खाली.

चाकं, स्टिअरिंग

टायरमध्ये पुढे साधारण 14, मागे 10 पीएसआय. ट्यूबलेस असले तरी आमच्याकडे ट्यूब टाकाच, आत पंक्चरचं औषध घाला. बाभळीचा आणि वेड्या बाभळीचा काटा या मऊ टायरला सोडत नाही. पुढच्या चाकांचे बुश झिजलेले असतात, लेथवर करून घ्या, निप्पलमधून ग्रीस द्या. स्टिअरिंगच्या अर्धवट गिअरचे मधले दात झिजले असतील तर वेल्डिंगने भरून कानशीने दात काढतात. ते काही महिने चालतं, पण उतारावर मी त्यावर भरवसा ठेवणार नाही. हायड्रोस्टॅटिकच्या वरचा छोटा पंखा आणि फिन्स धूळमुक्त ठेवा, तो पंखा तुटला असेल तर आधी तो घ्या.

पहिल्यांदा सुरू करताना

सकाळी लवकर, मोकळ्या जागी, पातं न जोडता. अर्ध्या थ्रॉटलवर पाच मिनिटं. बंद करा, गळती बघा, ऑइल बघा. मग पूर्ण थ्रॉटल आणि पातं. वेग आवरणाऱ्या गव्हर्नरची स्प्रिंग ओढून वेग वाढवायचा मोह धरू नका, 3600 च्या वर ही इंजिनं नेऊच नयेत. पहिल्या पाच तासांनंतर ऑइल बदला, नंतर दर 50 तासांनी.

मी आखाजीपर्यंत (अक्षय्य तृतीयेपर्यंत) डेक संपवला आणि जूनचा पहिला पाऊस पडून हरळी उठली तेव्हा मैदानात उतरलो. पाऊस थांबल्यावर दोन दिवस उन्हं पडू द्या. काळी माती ओली असताना या दोनशे किलोच्या धुडाची चाकं रुततात आणि चाकोऱ्या दिवाळीपर्यंत राहतात. आधी मैदान पायी फिरून दगड, तारा आणि खिळे वेचा. पहिल्या कापणीला उंची सर्वांत वर ठेवा, कुंदा आणि लव्हाळा माजला असेल तर दोन फेऱ्यांत कापा. उतारावर चढ-उतार करत चालवा, आडवं नाही, आणि 15 अंशांहून जास्त चढ असेल तर त्यावर जाऊच नका. एका तासानंतर थांबून पात्याचा नट, स्पिंडलचे बोल्ट आणि पट्ट्याचा ताण पाहा. माझा एक स्पिंडल बोल्ट पहिल्याच तासात चतुर्थांश फेरा सैल झाला होता.